दोन नाणी, एक तराजू

मुलांनो, ‘सराफ’ हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही माहीत आहे. तो मूळचा अरबी. आज सराफ म्हणजे सोन्याचांदीचा व्यापारी. पण पूर्वी त्याचे मोठे काम निराळे होते. एका प्रकारची नाणी घेऊन दुसऱ्या प्रकारची नाणी देणे, हे ते काम.

पेशव्यांच्या काळी बारामतीला बाबूजी नाईक नावाचे मोठे सावकार होते. कऱ्हा नदीच्या काठी त्यांचा वाडा आहे. प्रसिद्ध कवी मोरोपंत त्यांच्याच आश्रयाला होते. त्या काळी सगळीकडे एकच रुपया चालत नसे. अंकुशी, चांदवडी, सुरती असे अनेक रुपये बाजारात येत. कशात चांदी जास्त, तर कशात कमी. म्हणून सराफ नाणी तराजूत घाली, चांदी पारखी आणि हलक्या नाण्यावर काही रक्कम कापून घेई. या कपातीला ‘बट्टा’ म्हणत. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेल. त्यातला बट्टा तो हाच.

सराफाची युक्ती नीट लक्षात घ्या. दोन वेगळी नाणी एकमेकांशी ताडून पाहणे अवघड असते. दोन्ही नाणी चांदीच्या एकाच मापाने मोजली, की हिशेब सोपा होतो.

आजच्या नोटा तराजूत घालून उपयोग नाही. म्हणून परदेशी व्यवहारांत चांदीची जागा बहुतेक वेळा अमेरिकेच्या डॉलरने घेतली आहे. आपल्या रुपयाचा डॉलरशी असलेला भाव एका जागी थांबलेला नाही. १९६६ सालच्या जून महिन्यापर्यंत ४.७६ रुपयांना एक डॉलर मिळे. ६ जून १९६६ पासून त्याच डॉलरला ७.५० रुपये पडू लागले. १९९३ पासून तर हा भाव बाजारातील मागणी आणि पुरवठा यांवर ठरतो व रोज थोडा थोडा बदलतो.

आता एक सोपा हिशेब पाहू. तुमच्या घरातील कोणी हजला गेले असेल, तर त्यांना सौदी रियाल लागले असतील. १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ रियाल हा दर कायम ठेवलेला आहे. समजा, डॉलर ७५ रुपयांना आहे. ७५ ला ३.७५ ने भागा. एक रियाल २० रुपयांना पडेल. डॉलर ९० रुपये झाला, तर तोच रियाल २४ रुपयांना पडेल. येथे रियाल डॉलरला बांधलेला आहे. हलतो तो फक्त रुपया.

पण दोन्ही देशांचे चलन हलत असेल तर? बांगलादेशाचे चलन टका आहे. आपल्या महाराष्ट्रातून द्राक्षे आणि डाळिंबे ट्रकने बांगलादेशात जातात. इंदापूर तालुक्यात डाळिंबाच्या पुष्कळ बागा आहेत. समजा, इंदापूरच्या एका व्यापाऱ्याने ढाक्याच्या व्यापाऱ्याला ४,००,००० रुपयांची डाळिंबे विकली. पैसे एका महिन्याने मिळणार आहेत. त्या दिवशी एका डॉलरचे ८० रुपये किंवा १०० टके होतात. म्हणजे १०० टके बरोबर ८० रुपये. एक टका ८० पैशांचा. मालाची किंमत झाली ५,००,००० टके किंवा ५,००० डॉलर.

महिना उलटला. आता डॉलरला ८४ रुपये आणि १२० टके पडतात. तुम्ही म्हणाल, “दोन्ही चलने उतरली, म्हणजे फिटंफाट झाली!” थांबा, हिशेब करा. ८४ ला १२० ने भागले, तर ०.७० येतात. एक टका आता ७० पैशांचाच राहिला. रुपया थोडा उतरला, टका फार उतरला.

सौदा टक्यांत ठरला असेल, तर ५,००,००० टक्यांचे ३,५०,००० रुपयेच होतील. इंदापूरच्या व्यापाऱ्याचे ५०,००० रुपये बुडाले. मग तो बागाइतदाराला काय देणार? बागेची मजुरी, खते, फवारणी यांचा खर्च तर आधीच झालेला असतो. सौदा रुपयांत ठरला असेल, तर आपल्या व्यापाऱ्याला ४,००,००० रुपये पुरे मिळतील. पण ढाक्याच्या व्यापाऱ्याला ५,००,००० ऐवजी सुमारे ५,७१,००० टके मोजावे लागतील. सौदा डॉलरमध्ये असेल, तर आपल्याला ४,२०,००० रुपये मिळतील आणि त्याला ६,००,००० टके द्यावे लागतील. डाळिंबे तीच, भाव ठरला तोही तोच. फक्त सौद्याचे चलन बदलले आणि नुकसान एकाकडून दुसऱ्याकडे गेले.

हे उदाहरण आपण सोपे आकडे घेऊन केले. पण असे खरोखर घडते. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे ८६ टके पडत. वर्ष संपेपर्यंत ते शंभराच्या वर गेले. रुपयाही त्याच वर्षी सुमारे ७५ वरून ८२ च्या पुढे उतरला. ११ जुलै २०२३ पासून भारत आणि बांगलादेश यांच्यातील काही व्यापार रुपयांत करण्याची सोय झाली.

म्हणून पैसे बदलताना तीन गोष्टी विसरू नका. दर कोणत्या दिवसाचा आहे, ते पाहा. बँकेचा खरेदीचा दर आणि विक्रीचा दर वेगळा असतो, तो विचारा. आणि उधारीचा सौदा असेल, तर तो कोणत्या चलनात आहे, हे आधी ठरवा. बारामतीचा जुना सराफ तराजू हाती घेतल्याशिवाय नाणे बदलत नसे. तुम्हीही हिशेब केल्याशिवाय होकार देऊ नका.

शब्दार्थ
पारखणे – खरेखोटे तपासणे
चलन – देशात चालणारा पैसा
फिटंफाट – देणेघेणे बरोबरीत सुटणे
बागाइतदार – फळबागेचा मालक

स्वाध्याय
१. पूर्वीचे सराफ बट्टा का घेत?
२. रियालचा हिशेब टक्याच्या हिशेबापेक्षा सोपा का आहे?
३. डॉलरला ८८ रुपये आणि ११० टके पडत असतील, तर एक टका किती पैशांचा होईल?
४. इंदापूरच्या व्यापाऱ्याने सौदा कोणत्या चलनात करावा, असे तुम्हांला वाटते? ढाक्याच्या व्यापाऱ्याला ते पटेल का? पाच-सहा वाक्यांत लिहा.