धूर ऊन खातो, हाडं हिशेब देतात

तव्याच्या बुडाला धरलेली काजळी आपण राखेने घासून काढतो. तीच काजळी बारीक कण होऊन हवेत तरंगते, तेव्हा ती घासता येत नाही. ती छातीत जाते आणि वरून येणारं ऊनही शोषते. किती शोषते, हे मोजता येतं.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तिथे २००४ साली सूर्याकडे तोंड करून एक यंत्र बसवलं, सन फोटोमीटर. उन्हातला कोणता किरण वाटेत किती घटला, ते हे यंत्र सांगतं. दुसरं यंत्र एथॅलोमीटर. ते हवा ओढून पांढऱ्या पट्टीवर कणांचा डाग पाडतं आणि त्यातून सात प्रकारचे किरण सोडतं. डिझेलची काजळी सगळेच किरण शोषते. लाकूड, गोवऱ्या, पाचट यांच्या धुरातले तपकिरी कण अतिनील किरण जास्त शोषतात. म्हणून धूर कशाचा, याचाही अंदाज येतो.

आता आरोग्याचं. अतिनील किरणांतल्याच एका भागामुळे आपल्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते कमी पडलं की लहान मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. दिल्लीतल्या मोरी गेट या प्रदूषित भागातली आणि गुडगावची ९ ते २४ महिन्यांची बाळं डॉक्टरांनी तपासली. २००२ साली निष्कर्ष छापून आला : मोरी गेटच्या बाळांच्या रक्तात ड जीवनसत्त्व सरासरी १२.४, गुडगावच्या बाळांत २७.१ नॅनोग्रॅम.

महाळुंगे पडवळ काही दिल्ली नाही. पण चूल आपल्या घरात आहे आणि आंबेगाव-जुन्नरच्या शिवारात ऊस तुटला की पाचट पेटतं. वस्तीत विचारलं की बाया सांगतात, शेगडी आहे, सिलिंडर भरायला पैसे नाहीत. हा आळस नव्हे, मजुरीचा प्रश्न आहे.

तरी एवढं करा. सरपण वाळवून वापरा. चूल उघड्यावर किंवा धुराडं असलेल्या जागी मांडा. बाळाला चुलीजवळ निजवू नका. सकाळच्या कोवळ्या उन्हात हे किरण फार कमी असतात. मोठ्यांनी सूर्य वर आल्यावर थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून उन्हात बसावं. बाळाला कडक उन्हात ठेवू नका. मूल उशिरा चालत असेल, पाय वाकडे दिसत असतील, तर आरोग्य केंद्रात दाखवा.

आणि ग्रामसभेत उठून दोन गोष्टी मागा : पाचट जाळू नये, सरीत कुजवावं, आणि गरीब घराला परवडेल असा गॅस मिळावा.