जुना ट्रक: मूळ रूप म्हणजे नेमकं कुठलं?

यवतमाळच्या कापसाच्या गाठी वाहिलेला बॉनेटवाला ट्रक हौसेने सजवावा की मुळासारखा ठेवावा? टाटा-मर्सिडीज ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागले. त्या काळी अनेक ट्रक कारखान्यातून चॅसिस, इंजिन आणि बॉनेट एवढ्यावरच निघत. लाकडी केबिन आणि हौदा बॉडीवाले आपल्या पद्धतीने बांधत. म्हणून रंग-नक्षीवर 'मूळ नाही' असा आक्षेप फारसा टिकत नाही. इंजिन-चॅसिसचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या वाहनांना 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी दिली, पण फक्त खासगी दुचाकी-चारचाकींना. एमएच-२९ चा मालवाहू ट्रक कितीही जपला, तरी या सवलतीत बसत नाही.