संकल्प सरकारचा, संमती संसदेची

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडत होती आणि तिजबद्दल समाधान व्यक्त होत होते. लागोपाठच्या दुष्काळांनी रयत खंगलेली असताना पडणारी ही शिल्लक भरभराटीची नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची खूण आहे, असे गोखल्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. भाषण गाजले. त्यानंतर मतदान मात्र झाले नाही, कारण १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नव्हे. पुढील वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्याचे सारे श्रेय एका भाषणास देता येणार नाही. पण मताचे बळ नसलेला शब्दही अगदीच वाया जात नाही, एवढे त्यातून दिसले.

मत देण्याचा अधिकार १९१९ च्या कायद्याने आला, तोही अपुरा. १९२४ मध्ये मध्यवर्ती विधानसभेने काही मागण्या आणि वित्त विधेयक फेटाळले, तेव्हा गव्हर्नर जनरलने आपल्या खास अधिकारात ते विधेयक अमलात आणले. लोकप्रतिनिधींचा नकार हा खरोखरीचा नकार ठरू लागला तो २६ जानेवारी १९५० पासून. आज केंद्र सरकारचा एक रुपयाही लोकसभेच्या संमतीवाचून खर्ची पडू शकत नाही, असे आपण म्हणतो. हे विधान बव्हंशी खरे आहे. त्याला असलेले अपवाद आणि त्या संमतीची रीत समजून घेण्याजोगी आहे.

तिजोरीची किल्ली

संविधानात ‘बजेट’ हा शब्द नाही. अनुच्छेद ११२ मध्ये आहे ते ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’. आपण मराठीत त्याला अर्थसंकल्प म्हणतो आणि हा शब्द मोठा नेमका आहे. संकल्प सोडणे निराळे आणि तो सिद्धीस जाणे निराळे. २०१७ पासून १ फेब्रुवारीस वित्तमंत्री लोकसभेत मांडतात तो सरकारचा संकल्प असतो. त्या दिवशी दूरदर्शनच्या पडद्यासमोर सारा देश बसलेला असतो. पुढील दोन महिन्यांत जे घडते त्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही; वस्तुतः पैसा हलतो तो त्या दोन महिन्यांतील कामकाजामुळे.

केंद्राचा सर्व महसूल, काढलेली कर्जे आणि दिलेल्या कर्जांची परतफेड भारताच्या एकत्रित निधीत जमा होते. या निधीतून रक्कम काढावयाची तर कायदा हवा. म्हणून खर्चाला दोनदा मान्यता घ्यावी लागते. प्रथम प्रत्येक मंत्रालयाची वा विभागाची अनुदानाची मागणी लोकसभा मतास घेते. त्यानंतर मंजूर झालेल्या सर्व मागण्या आणि भारित खर्च एकत्र करून विनियोजन विधेयक मांडले जाते. त्यात अनुदानाची रक्कम वा प्रयोजन बदलणारी दुरुस्ती सुचविता येत नाही. कर आकारण्यासाठी वेगळे वित्त विधेयक असते. राज्यसभेने ही धनविधेयके चौदा दिवसांत परत करावयाची असतात. तिच्या शिफारशी स्वीकारणे वा न स्वीकारणे लोकसभेच्या मर्जीवर असते. मागण्यांवर तर राज्यसभेत मतदानच होत नाही.

अपवाद आहे तो भारित खर्चाचा. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांची वेतने, सरकारी कर्जावरील व्याज, न्यायालयाच्या हुकूमनाम्याची रक्कम अशा बाबींवर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. न्यायमूर्तींचे वेतन बहुमताच्या लहरीवर अवलंबून असू नये, हे कोणासही पटेल. परंतु व्याज आणि कर्जफेड याच सदरात येत असल्यामुळे मताच्या कक्षेबाहेर राहणारी रक्कम फार मोठी होते. काढलेले कर्ज फेडण्यास नकार देता येत नाही. म्हणजे कर्ज काढतानाच पुढील संसदांचे हात थोडेफार बांधले जातात.

चर्चेचे घड्याळ

मागण्या सुमारे शंभर असतात आणि दिवस मोजके. प्रत्येक मागणीवर सदस्यांना कपात सूचना देता येते. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणावी, काटकसर सुचवावयाची असेल तर ठरावीक रक्कम कमी करावी आणि एखादे गाऱ्हाणे मांडावयाचे असेल तर शंभर रुपये कमी करावेत, अशा तिच्या तीन तऱ्हा. त्या शंभर रुपयांनी खजिन्याचे काही बिघडत नाही. पण अशी सूचना संमत झाली तर तो सरकारवरील अविश्वास मानला जातो. शंभर रुपयांच्या निमित्ताने सदस्याने आपल्या मतदारसंघातील रखडलेला पाणीपुरवठा थेट मंत्र्यांपुढे मांडावा, ही या पद्धतीतील खुबी आहे.

नेमून दिलेल्या शेवटच्या दिवशी, ठरलेल्या वेळी, अध्यक्ष उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकत्रितपणे मतास टाकतात. यास ‘गिलोटिन’ म्हणतात. फ्रान्समधील शिरच्छेदाच्या यंत्राचे हे नाव संसदीय व्यवहारात इतके रुळले आहे की, उच्चारताना कोणाच्या अंगावर काटाही येत नाही. एरवी काही मोजक्या मंत्रालयांवर तरी चर्चा होते. मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये मात्र सभागृहातील गोंधळात सर्वच्या सर्व मागण्या चर्चेविना संमत झाल्या. गोखल्यांना शब्द होता, मत नव्हते. या दोन वर्षी मत होते, शब्द नव्हता. दोष कोणत्या बाजूचा, हा वाद बाजूस ठेवला तरी शेतीपासून संरक्षणापर्यंत कोणत्याही खात्याला सभागृहात खर्चाचे समर्थन करावे लागले नाही, हे उरतेच.

ही उणीव काही अंशी विभागीय स्थायी समित्या भरून काढतात. १९९३ मध्ये अशा १७ समित्या स्थापन झाल्या. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. दोन्ही सभागृहांचे सदस्य त्यांत असतात. अधिवेशनाच्या मध्यंतरात त्या मागण्या तपासतात, सचिवांना प्रश्न विचारतात आणि अहवाल देतात. त्यांचे काम मोलाचे आहे. तथापि त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात आणि त्यांचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. सभागृहातील प्रश्नोत्तराची जागा त्या पूर्णपणे घेऊ शकत नाहीत.

एप्रिल ते मार्च

पूर्वी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या अखेरीस मांडला जाई आणि मागण्यांचे काम नवे वर्ष सुरू झाल्यावर पुरे होई. मधल्या काळातील खर्चासाठी लेखानुदान घ्यावे लागे. सादरीकरण महिनाभर अलीकडे आणल्यापासून ३१ मार्चपूर्वी सर्व कामकाज उरकते. लेखानुदान आता मुख्यत्वे लोकसभा निवडणुकीच्या वर्षी लागते; २०१९ व २०२४ मध्ये तसेच झाले आणि पूर्ण अर्थसंकल्प जुलैत आला.

वर्षाच्या मध्ये खर्च वाढला तर पुरवणी मागणी आणावी लागते. एका बाबीवरील बचत त्याच मागणीतील दुसऱ्या बाबीवर वळविता येते, त्यास पुनर्विनियोजन म्हणतात. मात्र महसुली रक्कम भांडवली कामाकडे वा भारित रक्कम दत्तमत खर्चाकडे नेता येत नाही. नवीन सेवेसाठी, बचत हाताशी असली तरी, संसदेपुढे जावेच लागते. अगदीच अकल्पित प्रसंग उद्भवला तर आकस्मिकता निधीतून आगाऊ रक्कम मिळते आणि संसदेच्या मंजुरीनंतर ती भरून काढली जाते. हा निधी २०२१ मध्ये ५०० कोटींवरून ३०,००० कोटी रुपये करण्यात आला.

संमती एका वर्षापुरतीच असते. ३१ मार्चला न खर्चलेले अनुदान व्यपगत होते. मार्चअखेरीची धावपळ आपल्याकडील प्रत्येक कार्यालयास परिचित आहे आणि ती टीकेस पात्रही आहे. पण मूळ नियमामागे हेतू आहे. सरकारने दरवर्षी नव्याने विचारावे, मागील वर्षीची मंजुरी खिशात ठेवून पुढे चालू नये. राज्याच्या विधानमंडळासाठी अनुच्छेद २०२ ते २०६ मध्ये जवळपास हीच रचना केलेली असल्यामुळे आमदारांनाही हे नियम अपरिचित वाटणार नाहीत.

खर्च झाल्यानंतर

खर्च मंजुरीबरहुकूम झाला की नाही, हे नियंत्रक व महालेखापरीक्षक पाहतात. संविधान सभेत १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अधिकाऱ्याचे स्थान संविधानातील सर्वांत महत्त्वाच्या पदांपैकी एक मानले आणि त्याचे कार्य न्यायसंस्थेच्या कार्याहूनही मोठे असल्याचे मत मांडले होते. त्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात आणि तेथून लोकलेखा समितीकडे जातात. या समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य असतात. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. एखाद्या विभागाने मंजुरीपेक्षा अधिक खर्च केला असेल तर समिती त्याची कारणे तपासते आणि त्यानंतर तो जादा खर्च नियमित करण्यासाठी लोकसभेपुढे पुन्हा मागणी येते. तोपर्यंत बहुधा काही वर्षे उलटलेली असतात. काम होऊन गेलेले असते, खर्चाचा आदेश देणारा अधिकारी बदलून गेलेला असतो. लेखापरीक्षेचा शेरा मात्र राहिलेला असतो आणि त्याचे उत्तर देण्यासाठी त्या वेळी जो सचिव असेल त्याला समितीपुढे हजर व्हावे लागते.