गॅरेजचा दरवाजा अर्ध्यातच का थांबतो? मोटरला दोष देण्याआधी हे तपासा

अमेरिकेत स्वतंत्र घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना एक गोष्ट लवकरच कळते. पुढचा दरवाजा पाहुण्यांसाठी असतो, घरच्यांची खरी ये-जा गॅरेजमधून होते. बटण दाबलं की दरवाजा वर, पुन्हा दाबलं की खाली. मात्र एखाद्या सकाळी हा दरवाजा खाली येता येता परत वर जातो, किंवा वीतभर उचलला जाऊन तिथेच थांबतो. गाडी आत अडकलेली, ऑफिसची वेळ झालेली. मग पहिला विचार येतो तो मोटर गेल्याचा.

बहुतेक वेळा मोटर ठीक असते. दरवाजाला काहीतरी अडलं आहे, किंवा तो नेहमीपेक्षा जड झाला आहे, असं ओपनरला जाणवतं आणि म्हणून तो थांबतो. ते ‘काहीतरी’ कसं शोधायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे समजून घेऊ.

दरवाजा नेमकं उचलतं कोण?

दोन गाड्यांच्या गॅरेजचा पोलादी दरवाजा साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतो. त्याचं वजन ६० ते ११० किलोच्या आसपास भरतं. छताला टांगलेली ओपनरची छोटी मोटर एवढं वजन एकटी उचलत नाही. खरा भार पेलते ती स्प्रिंग. दरवाजाच्या वर आडव्या दांड्यावर पीळ देऊन बसवलेली जाड स्प्रिंग (काही घरांत दोन्ही बाजूंच्या रुळांशेजारी ताणलेल्या स्प्रिंगा) दरवाजाचं वजन जवळपास पूर्ण तोलून धरते. त्यामुळे नीट तोललेला दरवाजा एका हाताने उचलता येतो. मोटरचं काम त्याला फक्त वर-खाली नेण्याचं.

अर्ध्यात थांबणाऱ्या दरवाजाबद्दलचे बरेच गैरसमज इथेच सुटतात. स्प्रिंग सैल पडली, रोलर अडकले किंवा रूळ वाकला, तर तो भार मोटरवर येतो. किती जोर लागतोय हे ओपनर सतत मोजत असतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त जोर लागला की वर जाणारा दरवाजा तो थांबवतो आणि खाली येणारा दरवाजा उलटा वर नेतो.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: दरवाजा वर जाताना थांबतो की खाली येताना?

खाली येताना परत वर जात असेल तर

दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सुमारे ६ इंचांवर, दोन छोटे सेन्सर असतात. एक अदृश्य किरण सोडतो, दुसरा तो पकडतो. दरवाजा बंद होत असताना हा किरण तुटला की दरवाजा उलट फिरतो. खाली एखादं मूल, मांजर किंवा सायकल आहे, असं ओपनर समजतो.

किरण तुटायला फार काही लागत नाही. कोळ्याचं जाळं, भिंगावरची धूळ, कडेला ठेवलेला झाडू किंवा बादलीचा धक्का लागून वाकडा झालेला सेन्सर पुरेसा असतो. दोन्ही सेन्सरवर बारीक दिवे असतात. त्यातला एखादा विझलेला किंवा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा तिथेच आहे. मऊ कोरड्या कापडाने भिंग पुसा. दिवा स्थिर लागेपर्यंत सेन्सर हलक्या हाताने समोरच्याच्या रेषेत आणा आणि त्याचा स्क्रू घट्ट करा. तारा कुठे तुटल्या किंवा उंदरांनी कुरतडल्या आहेत का, तेही पाहा.

दरवाजा रोज ठरावीक वेळीच, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी, असा वागत असेल तर कारण ऊन असू शकतं. तिरपं ऊन किरण पकडणाऱ्या सेन्सरवर थेट पडलं की त्याला किरण ओळखता येत नाही. त्यावर छोटा आडोसा केला, किंवा दोन सेन्सरच्या जागा बदलून पकडणारा सावलीच्या बाजूला नेला, की काम होतं.

सेन्सरचाच दोष आहे का, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. दरवाजाखाली काही नाही याची खात्री करा आणि त्याच्याकडे लक्ष ठेवून भिंतीवरचं बटण तो पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरा. अनेक ओपनरमध्ये अशा वेळी सेन्सर वगळले जातात. असा धरल्यावर दरवाजा नीट बंद झाला, तर सेन्सरकडे पाहा. तरीही उलटला, तर अडथळा दुसरीकडे आहे.

वर जाताना थांबत असेल तर

वर जाताना सेन्सरचा संबंध येत नाही, त्यामुळे ते पुसत बसू नका. इथे संशय दरवाजाच्या वजनावर किंवा घर्षणावर.

दरवाजा वीतभर वर येऊन थांबतोय आणि आदल्या दिवशी गॅरेजमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला होता, अशी जोडी जुळली तर स्प्रिंग तुटली असण्याची दाट शक्यता आहे. दरवाजा बंद असताना वरच्या दांड्यावरची स्प्रिंग लांबूनच पाहा. तुटली असेल तर वेटोळ्यांमध्ये दोन-तीन बोटांची फट दिसते. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. मोटर जळेल आणि दरवाजा तिरका होऊन रुळातून निसटू शकेल.

नेहमीच्या स्प्रिंगा साधारण १०,००० वेळा उघडझाप होईल या हिशोबाने बनवतात. दिवसातून चार वेळा दरवाजा वापरला तर त्या सात वर्षांच्या आसपास टिकतात. त्यामुळे पाच-दहा वर्षं जुन्या घरात स्प्रिंग तुटणं हे नवल नाही.

लाल दोरीची चाचणी

ओपनरच्या रुळाला लोंबणारी लाल मुठीची दोरी दरवाजाला मोटरपासून सोडवते. दोष कुठे आहे, हे तिच्यामुळे पाच मिनिटांत कळतं. एक अट मात्र पाळायचीच: दरवाजा पूर्ण खाली असतानाच दोरी ओढायची. अर्ध्यावर असलेल्या दरवाजाची स्प्रिंग तुटलेली असेल, तर दोरी ओढताच तो सगळ्या वजनानिशी खाली आदळेल. दरवाजा अर्ध्यातच अडकला असेल आणि मोटरनेही खाली येत नसेल, तर त्याखालून कुणाला जाऊ देऊ नका आणि कारागिराला बोलवा.

दरवाजा बंद असेल तर ओपनरचा प्लग काढा, दोरी ओढा आणि दरवाजा हाताने सावकाश उचला. कंबरेच्या आसपास आणून हात अलगद सैल करा, पण पाय दरवाजाखाली ठेवू नका.

दरवाजा हलका चालला आणि सोडल्यावर जागीच राहिला, तर दरवाजा ठीक आहे. दोष ओपनरमध्ये शोधायचा.

दरवाजा जड लागला, खाली घसरला किंवा आपोआप वर पळाला, तर स्प्रिंगचा तोल बिघडला आहे. हे काम कारागिराचंच. त्या स्प्रिंगेत एवढा ताण साठलेला असतो की चुकीच्या हत्याराने स्क्रू सैल केला तर हाड मोडू शकतं, जीवही जाऊ शकतो. दरवाजाच्या तारांना आणि तळाच्या लाल रंगवलेल्या बोल्टनाही हात लावू नका.

दरवाजा एका ठरावीक जागी अडखळला, तर त्या जागचा रूळ, रोलर आणि बिजागरी पाहा. रुळाला पोचा आला असेल, रोलर झिजला असेल किंवा बिजागरी सैल झाली असेल. बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंगची वेटोळी यांवर सिलिकॉन किंवा लिथियमचा वंगण-स्प्रे मारा. रुळात ग्रीस भरू नका, त्यावर धूळ बसून रोलर आणखी अडतात. रूळ फक्त पुसायचा. शिकागो-मिनेसोटाकडच्या कडाक्याच्या थंडीत जुनं ग्रीस घट्ट होतं. उन्हाळ्यात सुरळीत चालणारा दरवाजा जानेवारीत रखडतो तो यामुळेही.

दरवाजा चांगला, मग ओपनरचं काय?

दरवाजा रोज अगदी एकाच जागी, कुरकुर न करता थांबत असेल आणि पुढच्या बटणाला उलट दिशेने जात असेल, तर त्याची हद्द चुकीची ठरवलेली असते. दरवाजा कुठे थांबायचा ही खूण ओपनरमध्ये साठवलेली असते. ती नव्याने कशी ठरवायची, हे त्याच्या पुस्तिकेत असतं.

मोटर फिरतेय पण दरवाजा हलत नाही आणि यंत्राखाली पांढरा भुगा पडलाय, तर आतलं प्लास्टिकचं दातेरी चाक झिजलं आहे. लागोपाठ बऱ्याच वेळा उघडझाप केल्यावर ओपनर गप्प झाला, तर मोटर तापून स्वतःहून बंद झालेली असते. अर्धा तास थांबून पाहा. मध्येच कुठेही, काही कारण न दिसता थांबत असेल, तर दाबलं गेलेलं रिमोटचं बटण किंवा भिंतीवरच्या बटणाच्या उघड्या पडलेल्या तारा तपासा. दरवाजा चालू असताना दुसरा संदेश मिळाला की ओपनर थांबतोच.

जोर वाढवण्याचा मोह टाळा

अनेक ओपनरमध्ये मोटरचा जोर वाढवण्याची सोय असते. दरवाजा अडतोय, म्हणून जोर वाढवला, असा उपाय सहज सुचतो. काही जण सेन्सर काढून एकमेकांसमोर छताला चिकटवतात. दरवाजा त्याने चालू लागतो, पण माणसाला वाचवणारी व्यवस्थाच बंद पडते.

ही व्यवस्था उगाच आलेली नाही. स्वयंचलित दरवाजाखाली अडकून लहान मुलांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकी काँग्रेसने १९९० मध्ये कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरमध्ये अडकण्यापासून वाचवणारं जादा संरक्षण सक्तीचं झालं. जमिनीलगतचे सेन्सर त्यातूनच घरोघरी आले. तुमच्या ओपनरला ते नसतील, तर तो दुरुस्त करण्यापेक्षा बदलणं शहाणपणाचं.

म्हणून कुठल्याही दुरुस्तीनंतर, आणि एरवीही महिन्यातून एकदा, दोन गोष्टी करून पाहा. दरवाजाच्या मधोमध जमिनीवर दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून तो बंद करा. फळीला टेकताच तो परत वर जायला हवा. मग दरवाजा खाली येत असताना सेन्सरसमोर झाडूचा दांडा फिरवा. तेव्हाही तो उलटायला हवा. यातलं एक जरी चुकलं, तर दुरुस्त होईपर्यंत ओपनर वापरू नका, दरवाजा हातानेच उघडा.

आपल्याकडच्या सरकत्या गेटचं काय?

पुण्या-नाशिकच्या बंगल्यांना आणि सोसायट्यांना आता मोटरची सरकती गेटं असतात. त्यांना वजन तोलणारी स्प्रिंग नसते, कारण गेट उचलायचं नसतं, जमिनीवरच्या रुळावरून सरकवायचं असतं. पण विचाराची पद्धत तीच. मोटरजवळच्या किल्लीने गेट मोकळं करा आणि हाताने ढकलून पाहा. जड गेलं तर रुळातली माती, खडी, पावसाळ्यातला चिखल किंवा झिजलेली चाकं हे कारण. हलकं गेलं तर सेन्सरची भिंगं आणि मोटरच्या पेटीत शिरलेल्या मुंग्या-पाली पाहा. इथेही गेट मध्येच थांबलं, की आधी ते कशाला अडलं हे शोधायचं, मोटरचा जोर वाढवायचा नाही.