अतिसारावर घरातील पहिला उपचार : पेज, ताक आणि जलसंजीवनी

उन्हाळा संपून पावसाळा सुरू झाला की देशाच्या बहुतेक भागांत जुलाब आणि उलट्यांच्या तक्रारी वाढू लागतात. दूषित पाणी, उघड्यावरील अन्न, माशा आणि अस्वच्छ हात ही त्याची नेहमीची कारणे होत. हा विकार बहुधा काही दिवसांत आपोआप बरा होतो. तथापि लहान मुलांच्या व वृद्धांच्या बाबतीत तो प्राणघातक ठरू शकतो, आणि अशा वेळी प्राण जातो तो बहुतांशी शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्यामुळे. म्हणूनच या आजारात पहिला उपचार दवाखान्यात नव्हे, तर घरातच सुरू व्हावयास हवा.

परंपरेतील शहाणपण

आजारी माणसास पातळ, पचण्यास हलके व किंचित खारट अन्न देण्याची पद्धत भारतात सर्वत्र आढळते. कोकणात आणि गोव्यात पेज, केरळ व तमिळनाडूत कंजी, बंगालमध्ये भाताचा फ्यान अशी नावे निरनिराळी असली, तरी तत्त्व एकच आहे. आयुर्वेदातही मंड, पेया, विलेपी व यवागू अशा तांदळाच्या पातळ कल्पनांना पथ्यामध्ये मानाचे स्थान आहे. मिठासह दिलेल्या पेजेतून रुग्णास पाणी, मीठ आणि पिष्टमय पदार्थ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात.

या तिन्हींचा मेळ का उपयोगी पडतो, याचा उलगडा १९६० मध्ये झाला. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हे एकमेकांच्या साह्याने शोषले जातात आणि त्यांच्यापाठोपाठ पाणीही शरीरात ओढले जाते, असे रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. जुलाब चालू असतानाही आतड्याची ही क्षमता बव्हंशी शाबूत राहते. नुसते पाणी प्यायल्याने जे साधत नाही, ते मीठ व साखर योग्य प्रमाणात मिसळल्याने साधते, ते यामुळेच. पेजेतील पिष्ट पचनानंतर हळूहळू ग्लुकोजमध्ये रूपांतरित होते व तेच कार्य करते.

बनगावचा धडा

या ज्ञानाची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिण्यास देण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाईकांनीच केले. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ४ टक्क्यांच्याही खाली आले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

पुढे १९८० च्या दशकात बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या आणि त्यांनी १ कोटीहून अधिक कुटुंबांतील मातांना मीठ, गूळ व पाणी यांचे सरबत करण्यास शिकविले. औषधाचे दुकान जवळ नसले तरी घरातील आईच हा उपचार करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

प्रमाण महत्त्वाचे

जलसंजीवनीची, म्हणजेच ओआरएसची, तयार पुडी उपलब्ध असल्यास तीच वापरणे श्रेयस्कर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेली मोठी पुडी १ लिटर पाण्यात पूर्णपणे विरघळवावी. पुडी नसल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ मिसळावे. मीठ जास्त झाल्यास बालकास अपाय होतो, आणि साखर जास्त झाल्यास जुलाब वाढतात. म्हणून अंदाजाने चिमूट न घेता चमच्यानेच मोजावे. द्रावण चाखून पाहावे. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. २४ तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे.

दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, तर त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्रावण थोडे थोडे करून द्यावे. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे.

घरगुती द्रावणात पोटॅशियम नसते. ती उणीव केळे व नारळपाणी यांनी काही अंशी भरून निघते. मात्र नारळपाण्यात सोडियम कमी असल्याने ते जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही. सहा महिन्यांवरील बालकास मीठ घातलेली पेज, ताक, वरणाचे पाणी व मऊ भात देता येतो. शीतपेये, बाजारातील गोड रस व कडक चहा टाळावा. ओआरएससारखी दिसणारी गोड पेयेही बाजारात मिळत आली आहेत. म्हणून वेष्टनावरील सूत्र वाचूनच खरेदी करावी.

उपास नको

जुलाब होत असताना मुलाला उपाशी ठेवावे, हा समज चुकीचा आहे. अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये. सहा महिन्यांखालील बाळास तर ते अधिक वेळा पाजावे. डॉक्टरांच्या किंवा आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने १४ दिवस झिंकच्या गोळ्या दिल्यास आजाराची तीव्रता व कालावधी कमी होतो. जुलाब थांबविणारी औषधे किंवा प्रतिजैविके मात्र मुलांना परस्पर देऊ नयेत.

दवाखाना केव्हा गाठावा ?

विष्ठेत रक्त दिसणे, डोळे खोल जाणे, मूल सुस्त होणे किंवा काहीही पिऊ न शकणे, वारंवार उलट्या, तीव्र ताप, सहा तास लघवी न होणे, तसेच पोटावरील त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश पूर्ववत होणे ही धोक्याची चिन्हे होत. यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास घरगुती उपचारांवर विसंबून वेळ घालवू नये. दोन महिन्यांखालील बाळास जुलाब झाल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे. वाटेतही द्रावण पाजणे चालू ठेवावे.

शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे, पिण्याचे पाणी उकळणे, अन्न झाकून ठेवणे आणि बालकास राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातील रोटाव्हायरसची लस वेळेवर देणे, हे या आजाराला दूर ठेवण्याचे मार्ग आहेत. त्यांच्या जोडीला घरात जलसंजीवनीच्या दोन पुड्या आणि ते द्रावण करण्याचे अचूक ज्ञान असणे प्रत्येक कुटुंबासाठी हितावह ठरेल.