गर्दीला रांगेत कोण लावतं?

हिंगोलीचा दसरा पाहिलाय का कधी? रामलीला मैदानावर रावण जळाला, की माणसांचा नुसता लोंढा सुटतो! कुणाला घर गाठायचंय, कुणाला पाळण्यात बसायचंय, कुणाला भेळ खायचीय. पण अशी गर्दी जरा उंचावरून बघा. जाणारे जाणाऱ्यांच्या मागे, येणारे येणाऱ्यांच्या मागे, असे पट्टे पडलेले दिसतील. ना शिट्टी, ना दोरी. मग हे पट्टे पाडतं कोण?

डिर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार या शास्त्रज्ञांनी १९९५ साली एक गंमत केली. संगणकात खोटी माणसं चालायला सोडली! नियम अगदी थोडे: आपल्या ठिकाणाकडे चाल, दुसऱ्यापासून अंतर ठेव, भिंतीला घासू नकोस. जणू प्रत्येकाच्या अंगाला चुंबकाचं सारखंच टोक; जवळ आलं की दूर ढकलतं. रांग लावा, असं कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी पडद्यावर रांगा लागल्या! कशा? समोरच्याला चुकवत चुकवत माणूस आपल्याच दिशेने जाणाऱ्याच्या मागे येतो. तिथे समोरून कुणी धडकत नाही. मग तिथून हलायचं कशाला?

पण ही शिस्त नाजूक असते बरं! औंढा नागनाथला गाभारा जमिनीखाली आहे, उतरायची वाट चिंचोळी. अशा अरुंद जागी सगळेच घाईने घुसले तर? हेल्बिंग यांनी दोन सोबत्यांसह २००० साली संगणकावर तेही पाहिलं. माणसं दाराशी एकमेकांत अडकली आणि बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागला.

आणि चौकात? तिथे तर लोक आडवे-तिरपे जातात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या गणितज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसांना खुणांच्या कागदी टोप्या घालून व्यायामशाळेत चालवलं. वरून कॅमेरा लावला. २०२५ साली निष्कर्ष छापून आला: चालण्याच्या दिशा सरळ रेषेपासून सुमारे १३ अंशांहून जास्त फाकल्या, की रांगा मोडतात आणि वेगही मंदावतो. कंपासपेटीतला कोनमापक काढून बघा, १३ अंश म्हणजे केवढासा कोन!

मधल्या सुट्टीत करून बघा. मैदानावर खडूने रुंद रस्ता आखा. दोन गट समोरासमोरून चालत या. पळायचं नाही हं! एकाने ओट्यावरून रांगा मोजायच्या. मग निम्म्यांनी तिरपं चाला. आता रांगा किती उरल्या?