जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा गंज

इंग्लंडांत जुनी एम. जी. बी. मोटार विकत घेण्यास निघालेला नवखा गृहस्थ प्रथम तिचा रंग पाहतो, मग इंजिन चालू करून त्याचा आवाज ऐकतो. जाणता मनुष्य आल्याबरोबर जमिनीवर गुडघे टेकतो आणि दाराखालच्या पत्र्यावर टिचक्या मारूं लागतो. इंजिन बिघडलें तर दुसरें बसवितां येतें, रंग उडाला तर पुन्हां देतां येतो. परंतु दाराखालचा तो पत्रा कुजला असल्यास मोटारीचा कणाच गेला, हें त्यास ठाऊक असतें.

ही मोटार १९६२ पासून १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गांवीं तयार होत असे, आणि सर्व प्रकार मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. तिच्या आधींच्या एम. जी. ए. मोटारीस खालीं स्वतंत्र पोलादी सांगाडा असे व वरचा पत्रा त्यावर बसविलेला असे. नव्या मोटारींत तो सांगाडा काढून टाकण्यांत आला. पत्र्याचें अंग हेंच तिचें हाड झालें. छपराच्या मोटारींत छप्परहि थोडा भार उचलतें. उघड्या मोटारीस तोहि आधार नाहीं. म्हणून तिचा बहुतेक कणखरपणा मधल्या बोगद्यावर आणि दोन्ही दारांखालच्या पोकळ पेट्यांवर अवलंबून असतो. या पेटीस तिकडे सिल म्हणतात. घरच्या भाषेंत तिला उंबरठा म्हणावयास हरकत नाहीं. आंतला पत्रा, मधला उभा पडदा व बाहेरचा पत्रा असे तिचे तीन थर असून त्यांच्या कडा ठिपक्याठिपक्यांनीं सांधलेल्या असतात.

गंज चढण्यास लोखंड, पाणी व प्राणवायु या तिहींची गांठ पडावी लागते. त्या पाण्यांत मीठ विरघळलें कीं त्यांतून विद्युत् सुलभपणें वाहूं लागते व सारें काम झपाट्यानें होतें. कोंकणांत समुद्रकांठच्या घरांतील खिडक्यांचे गज ज्यांनीं झिजतांना पाहिले आहेत, त्यांस हें सांगावयास नको. इंग्लंडांत समुद्र दूर असला तरी मीठ रस्त्यावरच असतें. हिवाळ्यांत रस्त्यावर बर्फ धरूं नये म्हणून तेथें खनिज मीठ पसरतात. चेशायर परगण्यांतील विन्सफर्डची खाण याच मिठासाठीं प्रसिद्ध आहे. चाकांनीं उडविलेला तो खारट चिखल पत्र्यांच्या फटींत शिरून बसतो. फटीच्या तोंडाशीं प्राणवायु अधिक व आंत कमी अशी विषमता उत्पन्न होते, आणि नवल असें कीं जेथें प्राणवायु कमी तेथलेंच लोखंड आधीं विरघळतें. शिवाय गंज हा मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो सांधे उसवीत व रंगास खालून उचलीत बाहेर येतो. रंगावर तांदळाएवढा फोड दिसतो, तेव्हां आंतलें काम बरेच दिवस चाललेलें असतें.

येथें एक लोकभ्रम सांगण्यासारखा आहे. खारट चिखलांत भिजलेली मोटार उबदार, बंद गॅरेजांत नेऊन ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली, असें पुष्कळांस वाटतें. ओलावा कायम राहून ऊब मिळाली तर गंज उलट जोमानें वाढतो. त्यापेक्षां गोड्या पाण्यानें खालची बाजू धुवून वारा खेळत्या थंड पडवींत उभी केलेली मोटार बरी.

तपासणीस उपकरणें थोडींच लागतात. हलक्या हातोडीनें ठोकलें असतां शाबूत पत्रा खणखणतो. कुजलेला बद्द वाजतो. कापडांत गुंडाळलेलें लोहचुंबक जेथें चिकटत नाहीं, तेथें पत्र्याऐवजीं पुट्टी, म्हणजे रंगाऱ्याची लांबी, भरलेली आहे असें समजावें. पुढच्या चाकामागील मडगार्डाचा कोपरा, मागल्या स्प्रिंगांचे जोड, आसनांखालची जमीन, आणि सुरुवातीच्या गाड्यांत आसनांमागें सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ठेवण्याच्या पेट्या, हीं ठिकाणें विशेष पहावीं. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे कुजलेल्या सिलवरच नवा पातळ पत्रा चढवून वर चकचकीत रंग देणें. असें करणारा कारागीर लबाड असेलच असें नाहीं, पुष्कळदां तो घाईंत असतो. परंतु गाडींत बसणाऱ्याच्या दृष्टीनें दोहोंत फरक नाहीं.

हें महत्त्वाचें अशासाठीं कीं ब्रिटनमध्यें १९६० पासून चालत आलेली मोटारींची सक्तीची तपासणी आतां या गाड्यांस लागू राहिलेली नाहीं. स्प्रिंगा, सुकाणू किंवा आसनपट्टे यांच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरांच्या आंत पत्रा दुर्बळ झाला असल्यास त्या तपासणींत गाडी नापास होते. परंतु २०१८ सालापासून चाळीस वर्षें पुरीं झालेल्या व फारसा फेरफार न केलेल्या मोटारींस तींतून सूट मिळाली. शेवटची एम. जी. बी. देखील चाळिशी ओलांडून गेली आहे. परक्याची नजर गेली. मालकाची तेवढी राहिली.

वरवरचा गंज असेल तर काम सोपें. तारेच्या ब्रशानें व घासकागदानें लखलखीत लोखंड लागेपर्यंत घासावें, खड्ड्यांतील अवशेषांवर फॉस्फोरिक आम्ल लावून तें धुवून वाळवावें, आणि मग जस्तयुक्त अस्तर व त्यावर पक्का रंग द्यावा. नुसतें अस्तर देऊन मोटार तशीच ठेवणें चूक आहे. बहुतेक अस्तरें ओल शोषून घेतात.

भोंक पडल्यावर मात्र कुजका भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून काढून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगनें बसविण्यावांचून गत्यंतर नाहीं. सिल बदलावयाची झाल्यास तिचें पुढचें टोंक मडगार्डामागें व मागचें टोंक मागल्या पंखाखालीं दडलेलें असतें; म्हणून पुढचें मडगार्ड सोडवावें लागतें व मागच्या पंखाचा तळ कापावा लागतो. पेट्रोलची टाकी व बॅटरी आधींच दूर करावी. सिल कापण्यापूर्वीं दाराच्या चौकटींत आडवे लोखंडी दांडे घट्ट बसवावे. हा एक टप्पा गाळला तर मोटार मधोमध वांकते, दाराची फट वरून मिटते, आणि नव्या सिलच्या वेल्डिंगनें तो वांक कायमचा होतो. असें दार पुढें कोणताहि सुतार-लोहार नीट लावूं शकत नाहीं. एका वेळीं एकच बाजू घ्यावी, आणि शेवटच्या वेल्डिंगपूर्वीं दार टांगून, लावून पहावें. कंटाळवाणें असलें तरी सारें यश याच कामांत आहे.

ज्यांचें अंग सर्वत्रच गेलें आहे अशा मोटारींसाठीं ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनें १९८८ पासून मूळ साच्यांवर दाबलेलीं संपूर्ण नवीं अंगें तयार केलीं. तें महागडें पडतें. तथापि दहा ठिगळांच्या मजुरीशीं तुलना केल्यास कधीं कधीं तेंच स्वस्त ठरतें.

वेल्डिंग थंड झाल्यावर सिलच्या पोकळींत लांब नळीनें पातळ मेण फवारावें. तें पडद्याच्या दोन्ही बाजूंस पोंचलें पाहिजे, कारण पडदा मध्यें असल्यानें एकाच भोंकांतून फवारलेलें मेण पलीकडे जात नाहीं. पाणी निथळण्याचीं तळाचीं छिद्रें मेणानें बुजतात; दुसऱ्या दिवशीं तारेनें तीं मोकळीं करावीं, आणि दर हिवाळा संपल्यावर मोटार धुवून झाली म्हणजे त्यांतून पाणी गळतें कीं नाहीं तें वांकून पहावें.